चावी बंद, गाडी जागी

१

गाडी पुन्हा मेली, आणि ह्या वेळी दोष द्यायला नत्थू नव्हता.

आनंदराव भोयरांचा फोन आला तेव्हा बाबाराव देवळीच्या बसस्टँडसमोर, आपल्या दुकानात ट्रॅक्टरचा डायनामो खोलून बसला होता. "बाबाराव, गाडी उठून नाई राह्यली. दरवाजाचं रिमोटही चालत नाई. या लवकर." एवढं ऐकलं आणि त्याच्या हातातला पाना खाली पडला. तीस वर्षं एसटीच्या डेपोत इलेक्ट्रिशियन, निवृत्तीनंतर स्वतःचं दुकान; अर्ध्या तालुक्याचे मेकॅनिक त्याला उस्ताद म्हणायचे. पाना हातातून सुटावा असा माणूस तो नव्हता.

एकवीस दिवसांपूर्वी असाच सोमवार होता. पहाटे पाचला आनंदरावांच्या बायकोला, सुंदराबाईंना, लकवा मारला. मळ्यातली पिकअप वांगी-फुलकोबी घेऊन नागपूरच्या मंडीला गेलेली. दारात हायब्रीड गाडी उभी, आणि ती हूं की चूं करेना. घरच्यांनी बाबारावला फोन लावला. "धक्का मारून पाहा," तो अर्धवट झोपेत म्हणाला. जीपला चालतं ते हिला चालत नाही, हे त्याला कुठं ठाऊक होतं. सहा माणसांनी अर्धा तास ढकललं, गाडी तसूभर हलली नाही, आणि मगच कोणाला ॲम्ब्युलन्स आठवली. सावंगीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत साडेसात वाजले. बाई वाचल्या. उजवा हात गेला.

उजाडल्यावर बाबाराव आला, त्यानं केबल जोडली आणि गाडी दोन मिनिटांत उठली. छताच्या दिव्याचं बटण चालूवर होतं. ते त्यानं सगळ्यांना दाखवलं आणि निकाल देऊन टाकला. "ड्रायव्हरनं लाईट चालू ठेवलता. रातभर जळला, बॅटरी बसली."

चौदा वर्षं त्या घरची गाडी चालवणाऱ्या नत्थूला आनंदरावांनी त्याच अंगणातून घालवून दिलं. दोन दिवसांत गावभर झालं, नत्थूनं बाईचा हात घालवला.

आज गाडीजवळ आनंदराव एकटेच उभे होते. चेहरा तांबारलेला.

"हे आपोआप होत नाई, बाबाराव. त्याच्याजवळची चावी मी वापस घेतली नाई. बदला काढून राह्यला तो. संध्याकाळी पाचपर्यंत तुमी सांगा, नाईतर मी ठाण्यात जातो. हिच्या हाताचंही नाव टाकतो रिपोर्टात."

"थोडं पाहू द्या," बाबाराव म्हणाला.

त्यानं गाडी जागी केली, बॅटरीला थोडं पाजलं आणि पुन्हा बंद केली. मग आत बसून छताचा दिवा मुद्दाम चालू करून ठेवला. एकवीस दिवसांपूर्वी जे पाहायला हवं होतं ते तो आज पाहत होता. घड्याळ मांडीवर ठेवून बसला. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली.

विसाव्या मिनिटाला दिवा आपोआप विझला. बटण चालूवरच होतं.

बाबारावनं घड्याळ खिशात टाकलं. जीपचा दिवा रात्रभर जळतो. ही गाडी शहाणी होती, विसरलेला दिवा ती स्वतःच बंद करत होती. म्हणजे दिव्यानं बॅटरी बसलीच नव्हती, आणि एका माणसाची भाकर त्यानं खोट्या पुराव्यावर तोडली होती.

२

आनंदरावांना त्यानं एकच प्रश्न विचारला. "त्या पहाटे गाडीत पयलं कोण बसलं?"

"मीच. रिमोट चालत नव्हता, त्याच्या आतल्या चिल्लर चावीनं दरवाजा खोलला. हिची दवाखान्याची फाईल मागच्या सीटवर होती. अंधार होता, म्हणून लाईटचं बटण दाबलं. लागला नाई."

"मंग बटण परत बंद केलं?"

"कायले करतो? हिचा जीव चाललता तिकडं."

म्हणजे बटण खुद्द मालकांनी दाबलं होतं. मालकांच्या तोंडावर अजून हिशोब उमटला नव्हता, आणि त्याला घाई करायची नव्हती. घाईचं फळ एकदा मिळालं होतं.

गाडी शेडमध्ये उभी राहायची, सोयाबीनच्या पोत्यांना लागून. तिथं आनंदरावांची सून उज्वला पोत्यांवर ताडपत्री ओढत होती. बाबारावनं सहज विचारलं, "बाई, गाडीजवळ कोणी येते-जाते का?"

"उंदरं येतात," ती म्हणाली. "पोत्यातून निघतात आन् गाडीत शिरतात. मागं वायर कुरतडली होती, मामाजींना माहीत आहे." मग ताडपत्रीची दोरी सोडून तिनं एकदम मान वर केली. "पण काकाजी, मी गाडीत काई लावलं नाई हां."

काय लावलं, असं तर त्यानं विचारलंच नव्हतं.

ओसरीवर सुंदराबाई खुर्चीत बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर, दुसऱ्या कोणीतरी आणून ठेवल्यासारखा. जीभ अजून जड होती, पण बोलणं कळत होतं.

"बाबाराव," त्या म्हणाल्या, "नत्थू काऊन येत नाई?"

त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. बाबारावनं हातातली पेटी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि "येईन तो, बाई" असं काहीतरी पुटपुटत तो फाटकाबाहेर पडला.

३

आनंदरावांचा मुलगा नीरज सावंगीला नोकरी करायचा, आठवडाभर तिथंच राहायचा आणि शनिवारी घरी यायचा. बाबाराव दुपारच्या बसनं गेला. दवाखान्याबाहेरच्या चहाच्या टपरीवर, पांढऱ्या कोटातल्या पोरापोरींच्या गर्दीत दोघं बाकावर बसले.

"गाडीच्या काचेवरचा कॅमेरा तू लावला ना?"

नीरज चहा फुंकत राहिला. "हो. दोन महिने झाले. मागे कोणीतरी गाडीला ओरखडा मारला होता. हा कॅमेरा गाडी बंद असली तरी जागा राहतो, दर मिनिटाला फोटो काढतो."

"त्या शनिवारी तू घरी होता. गाडी खोलली?"

"रिमोटनं खोलली, टुकटुक वाजली. कॅमेऱ्याची काच पुसली आणि बंद केली. चालवली नाही."

शनिवारी गाडी जिवंत होती. बाबारावच्या डोक्यात पहिली गाठ सुटली. "आन् फोटो? त्या पहाटेचे फोटो असतीन ना."

नीरजचा कप अर्ध्यावर थांबला. त्यानं खिशातून मोबाईल काढला. फोटो त्यानं आधीच उतरवून घेतले होते. "काकाजी, पहाटेचे नाहीत. शेवटचा फोटो रविवारचा आहे. दुपारी तीन वाजून दहा मिनिटं."

बंद शेड, सोयाबीनची पोती, कोपऱ्यात कोंबडी. माणूस नाही. तिथं कॅमेऱ्याला मिळणारी वीज संपली होती. मेलेल्या माणसाची वेळ डॉक्टर सांगतो; ह्या गाडीची वेळ तिच्याच कॅमेऱ्यानं लिहून ठेवली होती.

"हे तू कधी पाह्यलं?"

"आई आयसीयूत होती तेव्हाच."

"मंग बोलला काऊन नाई?"

"मला वाटलं, कॅमेऱ्यानंच बॅटरी खाल्ली असेल. मी लावलेल्या कॅमेऱ्यानं." नीरजचे डोळे भरून आले. "तुम्ही दिवा म्हणालात. मला सुटल्यासारखं वाटलं."

बाबारावनं त्याला एका शब्दानं बोल लावला नाही. तो कोणत्या तोंडानं लावणार होता?

परतीच्या बसमध्ये तो खिडकीला डोकं टेकून बसला. रविवारी तीन वाजता नत्थू कुठं होता, ते विचारायचं राहिलं होतं. आणखी एक गोष्ट टोचत होती. गाडी दोनदा मेली, दोन्ही वेळा सोमवारी सापडली. कॅमेरा तर रोजच जागा असतो, मग सोमवारच काऊन? भोयरांच्या मळ्यात रविवारी भाजीचा तोडा होतो, रात्री माल नागपूरला निघतो, आणि झाडं मोकळी झाली की सोमवारी सकाळी फवारणी. मग रविवारी भोयरांच्या घरी काय होतं?

त्यानं डोळे मिटले, आणि उत्तर सापडलं. सापडल्याचा आनंद मात्र झाला नाही, कारण उत्तराचं दुसरं टोक त्याच्या स्वतःच्या हातात होतं.

४

नत्थू दुसऱ्याच्या शेतात कांद्याचं निंदण करत होता. पन्नाशीचा माणूस, बायांच्या रांगेत शेवटच्या ओळीवर. बाबारावला पाहून लगबगीनं उठला, हात पँटीला पुसले.

"उस्ताद, तुमी? इथपर्यंत कायले आले, मले बोलावलं असतं."

"नत्थू, त्या रविवारी तू कुठं होता?"

"गिरडले गेलतो जी. नातीचा नवस होता, दर्ग्यावर सैपाक केला. गुरुवारी गेलतो, रविवारी शेवटच्या बशीनं आलो. मालकाले सांगून गेलतो."

"मंग तू तेव्हाच काऊन नाई बोलला? चार दिवस तू गाडीले हातही लावला नाई."

नत्थू खाली वाकून विळ्याची माती काढू लागला. "बुधवारी सांजी गाडीत चप्पल हुडकत होतो. लाईट लावलता. बंद केलता असं मले वाटे. पण तुमी म्हटलं, चालू होता. उस्ताद म्हणते म्हणजे असंनच. मंग मलेही तसंच दिसाले लागलं. झोपेत दिसते जी, लाईट चालू, आन् मी दरवाजा लावून चाललो."

बाबाराव बांधावर बसला.

त्या सकाळी केबल जोडल्यावर गाडी जागी झाली तेव्हा दोन सीटांमधल्या झाकणाच्या फटीतून निळा उजेड आला होता. त्यानं झाकण उचललं. आत त्याचाच सॉकेट होता. वर्षभरापूर्वी, आनंदरावांच्या सांगण्यावरून, नत्थूला दवाखान्याबाहेर बसल्या बसल्या फोन चार्ज करता यावा म्हणून त्यानं बसवलेला. तालुक्यातल्या प्रत्येक जीपला बसवतो तसाच, वायर थेट बॅटरीला. चावी बंद, चार्जर चालू. ह्या गाडीची छोटी बॅटरी पाहून त्या दिवशी त्याचा हात क्षणभर थबकला होता, पण सवयीनं काम पुरं केलं. आता त्या सॉकेटात एक तिहेरी जोड होता, त्यात दोन पिना, आणि एकीचा निळा दिवा गाडी बंद असतानाही जळत होता. बॅटरी आपल्या थेट वायरीनं बसली, एवढं त्याला त्याच घटकेला कळलं. त्यानं झाकण खाली ठेवलं, वर पाहिलं, आणि छताच्या दिव्याचं बटण दिसलं. देवच पावला असं वाटलं होतं त्याला.

"चल माह्यासंगं," तो नत्थूला म्हणाला. "पाच वाजाच्या आत पोचलं पाह्यजे."

"मी त्या अंगणात येत नाई जी. बाईच्या हाताकडं पाहता येणार नाई मले."

"ये म्हणतो ना."

५

पावणेपाचला अंगणात सगळे होते. आनंदराव चपला घालून तयार. नीरज मागच्या बसनं आलेला. उज्वला दाराला टेकून, सुंदराबाई ओसरीवर. नत्थू फाटकाच्या आत दोन पावलांवर थांबला आणि जमिनीकडे पाहत राहिला.

"ह्याले कायले आणलं?" आनंदराव म्हणाले.

"ऐकून घ्या पयले." बाबारावनं गाडीतलं दोन सीटांमधलं झाकण उचललं. "ह्या गाडीत दोन बॅटऱ्या. मोठी गाडी ओढते, तिच्यात मरणाची ताकद. पण तिले उठवते ही डिकीतली छोटी. छोटी मेली का मोठी भरलेली असूनही मुकी. कोठी दाण्यानं भरली हाये आन् किल्ली हरवली, असा प्रकार. आन् हा सॉकेट छोटीवर चालते. तुमाले सगळ्याले वाटलं, हायब्रीड हाये, एवढी मोठी बॅटरी, लावा काय लावाचं ते."

त्यानं बॅटरीच्या वायरीत मीटर जोडलं. काटा उभा राहिला. मग त्यानं एक पिन काढली. काटा थोडा पडला.

"हा कॅमेरा. नीरजनं लावला. रातदिवस जागा."

दुसरी पिन. तिला निळ्या दिव्याची पांढरी डबी होती. "हे उंदीर पळवाचं यंत्र. कानाले ऐकू न येणारा आवाज करते. हे गाडी बंद असतानाच कामाचं, म्हणून कधी काढलंच नाई."

उज्वलाचा पदर तोंडाशी गेला. "माहेरून आणलं होतं. मला वाटलं, इवलीशी डबी, ती काय खाईल?"

"ती एकटी काई नाई खात, बाई. कॅमेराही एकटा नाई. पण दोघं मिळून चार दिवस थेंब थेंब पीत राह्यले." त्यानं जोडातलं तिसरं, रिकामं भोक दाखवलं. त्याच्या काठाला हिरवट पांढरी भुकटी लागली होती. "आन् हे औषधाचे हात. दर रविवारी, उद्याच्या फवारणीसाठी, पंपाची बॅटरी ह्याच्यात लागते. रविवारी दिवसा लाईन नसते म्हणून. सकाळी लावाची, सांजी काढाची. बरोबर हाये का नाई, आनंदराव?"

पायातली एक चप्पल आनंदरावांनी उगाच काढली.

"चार दिवसांची अधमेली बॅटरी, तिच्यावर रविवारी हा पंप बसला. तीन वाजून दहा मिनिटाले ती गेली. कॅमेऱ्यात वेळ हाये. तेव्हा नत्थू गिरडले होता."

"मंग बाकीच्या सोमवारी काऊन नाई मेली?" आनंदरावांनी विचारलं. आवाज बसला होता.

"कारण बाकीचे दिवस नत्थू रोज गाडी काढे. बाईले देवळात, तुमाले वर्ध्याले. चालली का छोटी भरून जाये. तो चार दिवस नव्हता तर मेली. तुमी त्याले काढलं, मंग बाई दवाखान्यात होत्या तोवर तुमच्या चकरा चालू होत्या, म्हणून तगली. बाई घरी आल्या, गाडी पाच दिवस उभी राह्यली, काल पंप लागला, आज पुन्हा मेली. तो गाडी मारत नव्हता, आनंदराव. तोच तिले जगवत होता."

उज्वला रडत होती, नीरज कॅमेऱ्याची वायर बोटाला गुंडाळत होता.

"आन् ही थेट वायर माही," बाबाराव म्हणाला. "हे तिन्ही लावले तुमी, पण चावी बंद झाल्यावरही त्याले पाजत राह्यला तो माहा सॉकेट. तो आज काढतो, चावीवर घेतो. चावी बंद, का सगळं बंद. गाडी उभी ठेवाची असंन तर पिना काढून ठेवा, आन् हप्त्यातून एक-दोनदा तासभर फिरवा."

आनंदराव नत्थूजवळ गेले. त्यांना माफी मागायची सवय नव्हती. ते म्हणाले, "नत्थू, आमी चौघंही चुकलो. कोणा एकाची चूक नाई. नशीब. उद्यापासून येजो."

वातावरण एकदम सैल झालं. चार जणांत वाटून घेतलेला दोष कोणालाच फारसा जड नव्हता. उज्वला चहा ठेवायला आत वळली. बाबारावलाही वाटलं, झालं, नत्थू सुटला, एवढं पुरे.

"नत्थू," ओसरीवरून सुंदराबाई म्हणाल्या. एकेक शब्द सावकाश येत होता. "इतके दिवस काऊन नाई आला रे?"

नत्थू पायरीपाशी गेला. एकवीस दिवसांत पहिल्यांदा त्यानं त्या हाताकडे पाहिलं. "मले वाटलं, माह्यापायी झालं, बाई. उस्तादलेही तसंच वाटलं. त्याले तरी काय मालूम, त्याच्याही ध्यानात आजच आलं."

बाबाराव पेटीवर वाकला होता, तसाच राहिला. पेचकस हातात होता. काही न बोलता काम करत राहिलं असतं तर कोणी विचारणार नव्हतं. नत्थूनं स्वतःच्या तोंडानं त्याला सोडवलं होतं.

"आज नाई आलं," तो म्हणाला. "मले त्याच दिवशी मालूम होतं. झाकण उचलून पाह्यलं होतं म्या. माही वायर होती, म्हणून लाईटचं नाव घेतलं."

आत निघालेली उज्वला दारात थांबली.

नत्थूनं आवाज चढवला नाही.

"माही नात पाच वर्साची हाये जी," तो म्हणाला. "तिनं इचारलं, आबा, बाईचा हात कोनं नेला? पोरं शाळेत म्हणत होते तिले. मी म्हटलं, म्या नेला, पोरी. तुले खोटं काऊन सांगू." त्यानं गळ्यातला शेला काढून तोंड पुसलं. "ते आता तुमी तिले सांगा. माह्या सांगण्यानं तिले पटणार नाई."

"सांगतो. कधी येऊ?"

"आता."

बाबारावनं पेटी तिथंच ठेवली. नत्थू फाटकातून बाहेर पडला. तो मागं वळून पाहत नव्हता. बाबाराव त्याच्या चार पावलं मागून चालत राहिला.